धुऱ्यावरचा साग आणि गाभ्याचे गणित

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणतात. झाडांवरून नाव पडलेला मुलूख. लाखांदूर तालुका या पट्टीच्या ऐन मध्यावर आहे. पश्चिमेला वैनगंगा आणि तिच्या पलीकडे ब्रह्मपुरी, दक्षिणेला वडसा, पूर्वेला अर्जुनी मोरगाव. मधून चुलबंद वाहते. दिघोरी, बारव्हा, विरली, मासळ, सरांडी, कुठल्याही गावाकडे निघा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या दिसतात आणि बांध्यांच्या धुऱ्यांवर मोठ्या पानांची, सरळसोट झाडे उभी दिसतात. तो साग. कोणी आठ-दहा झाडे लावलेली असतात, कोणी धानाला न चालणाऱ्या बरड तुकड्यात एकरभर लावलेली असतात. ही झाडे म्हणजे घरातली मुदत ठेव. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचा स्लॅब, यांपैकी काहीतरी त्या झाडांच्या नावावर लिहिलेले असते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली सुरू केलेल्या कन्या वन समृद्धी योजनेत मुलीच्या जन्मानंतर शेतकरी कुटुंबाला दहा रोपे देण्याचे ठरले, त्यांतली पाच सागाचीच होती. यावरून सागाशी आपण किती आशा बांधतो ते कळावे.

साग लावणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. ‘हा किती वर्षांनी विकायचा?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. एकाच वर्षी, एकाच रोपवाटिकेतून आणलेला साग दोघांनी लावला, तर पंचवीस वर्षांनी एकाच्या झाडातून दाराची चौकट निघते आणि दुसऱ्याच्या झाडातून मांडवाची बल्ली. वय दोघांचे सारखेच. फरक पडतो तो मधल्या वर्षांत काय केले आणि काय करायचे राहिले, यामुळे. आजचे बोलणे त्या मधल्या वर्षांबद्दल आहे.

गाभा कशाला म्हणायचे?

आरामशीनवर सागाचा ओंडका चिरला की आतला भाग सोनेरी-तपकिरी आणि बाहेरचा कडेचा भाग पांढुरका दिसतो. आतला तो गाभा. कडेचा पांढरा भाग हा झाडाचा जिवंत भाग. मुळांनी घेतलेले पाणी त्यातूनच वर चढते आणि झाडाचा पिष्टमय साठाही तिथेच असतो. साठा असतो म्हणून किडेही तिथेच येतात. घरातल्या चौकटीचा एक कोपरा भुसा पाडू लागला, तर वाढई पाहताक्षणी सांगतो की तुकड्याला पांढरी राहिली होती.

झाड वाढत जाते तसा आतला जुना भाग पाणी वाहण्याचे काम सोडतो. त्यातल्या पेशी मरतात, पण मरण्यापूर्वी त्यात काही द्रव्ये साठवली जातात. टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य त्यांपैकीच एक, ते उधळीला मानवत नाही. सागाच्या लाकडात रबरासारखा अंशही असतो, त्यामुळे पाणी चटकन मुरत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागातून १८१७ साली बांधलेले ट्रिंकमली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. सागाची ही सगळी कीर्ती गाभ्याची आहे, पांढऱ्या भागाची नाही. पांढरा भाग सागाचा असला तरी टिकाऊपणात तो साध्या लाकडाच्याच पंक्तीला बसतो.

तेव्हा ‘सागवान आहे’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्यात गाभा किती, हे पाहावे लागते.

गोलाई दुप्पट, गाभा सहापट

आता एक साधे गणित करू. आपल्याकडे गोल लाकूड मोजताना गोलाईचा चौथा हिस्सा घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. तीन मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर गोलाईचा ओंडका घेतला, तर तो ०.०६७५ घनमीटर भरतो. तेवढ्याच लांबीचा १२० सेंटिमीटर गोलाईचा ओंडका ०.२७ घनमीटर भरतो. गोलाई दुप्पट झाली की लाकूड चौपट होते.

गाभ्याचे गणित याहून पुढे जाते. समजा, दोन्ही ओंडक्यांत पांढऱ्या भागाची जाडी सगळीकडून तीन सेंटिमीटर आहे. साठ सेंटिमीटरच्या ओंडक्याचा व्यास एकोणीस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंचे तीन-तीन गेले, उरले तेरा. क्षेत्रफळाने पाहिले तर गाभा ४७ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. एकशेवीसच्या ओंडक्याचा व्यास अडतीस, गाभा बत्तीस, म्हणजे ७१ टक्के. लाकूड चौपट आणि त्यातला गाभ्याचा वाटाही मोठा, दोन्ही मिळून गाभा सहापट होतो. बारीक चार झाडांत मिळून जितका गाभा, त्याच्या दीडपट गाभा एका जाड झाडात.

शिवाय आगारात लाकूड लांबी आणि गोलाईनुसार वेगवेगळे थप्पीला लावतात आणि जाड मालाचा घनमीटरमागचा भावही चढा असतो. म्हणजे जाड झाडाला माप जास्त, गाभा जास्त आणि दरही जास्त, असा तिहेरी लाभ आहे. ही जाडी कशी मिळते, हा खरा प्रश्न आहे. वय वाढले की आपोआप मिळते, असे पुष्कळांना वाटते. दाटीत उभ्या असलेल्या सागाला वय वाढून जाडी मिळत नाही, फक्त उंची मिळते.

विरळणी, जिवावर येणारे काम

साग लावून वाढवण्याची विद्या आपल्या देशात जुनी आहे. केरळात नीलांबूर येथे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी सागाची लागवड सुरू केली. जहाजांसाठी लाकूड हवे होते आणि जंगले तुटून विरळ झाली होती. तिथला १८४६ सालचा एक तुकडा आजही राखून ठेवला आहे. महाराष्ट्रात १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला. कमी किमतीच्या मिश्र वनांच्या जागी सागाची रोपवने उभी करणे हे त्याचे मुख्य काम ठरले आणि विदर्भात मोठ्या क्षेत्रावर अशी रोपवने झाली.

रोपवनाची रीत साधारण अशी. पाऊस पडला की सब्बलीने भोक पाडायचे आणि सागजडी खोचायची. सागजडी म्हणजे रोपाचे मूळ आणि वर बोटभर खोड, बाकी सगळे छाटलेले. दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने लावले तर हेक्टरी अडीच हजार, म्हणजे एकरी हजाराच्या आसपास झाडे बसतात. इतकी दाटी मुद्दाम करतात. लहानपणी झाडे एकमेकांना खेटून असली की ती उजेडाकडे सरळ वर जातात, बाजूच्या फांद्या बारीक राहतात आणि गवताला उजेड मिळत नाही.

पण ही दाटी कायमची ठेवायची नसते. साग हे भरपूर उजेड मागणारे झाड आहे. शेजाऱ्याचा शेंडा आपल्या शेंड्याला लागला की त्याच्या खालच्या फांद्या वाळू लागतात, पाने कमी होतात आणि खोडाची जाडी थांबते. म्हणून काही झाडे काढून उरलेल्यांना जागा करून द्यावी लागते. यालाच विरळणी म्हणतात. केरळातल्या रोपवनांत पहिली विरळणी चौथ्या वर्षाच्या सुमाराला, दुसरी आठव्या, पुढे तेराव्या, विसाव्या आणि मग दहा-दहा वर्षांनी, अशी पद्धत राहिली आहे. आपल्याकडे पाऊस कमी आणि वाढ सावकाश, त्यामुळे वर्षे थोडी मागेपुढे होतील. तत्त्व तेच. पहिल्या विरळणीत एका ओळीआड किंवा एका झाडाआड निम्मी झाडे जातात. पुढच्या विरळण्यांत झाड पाहून निवड करायची. वाकडे, दुबेळके, रोगट, मागे पडलेले झाड काढायचे आणि उमेदीचे ठेवायचे. पन्नास-साठ वर्षांनी शेवटची तोड येते तेव्हा हेक्टरी शे-दीडशे झाडे उरलेली असतात. अडीच हजारांतून शे-दीडशे!

हा आकडा ऐकला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. आपण पोराबाळांसारखे पाणी घालून वाढवलेले झाड चौथ्या-पाचव्या वर्षी हाताने तोडायचे, आणि तेही अशा वेळी की त्याला काडीचीही किंमत येत नाही! मग माणूस म्हणतो, ‘राहू दे आणखी दोन वर्षे, बल्लीचे तरी पैसे येतील.’ दोन वर्षांची पाच होतात, पाचाची दहा होतात. झाडे बांबूसारखी उंच आणि हडकुळी होतात. शेंड्यावर मूठभर पाने राहतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. उशिरा केलेली विरळणी वेळेवर केलेल्या विरळणीची भरपाई करत नाही. आपल्या धानाचेच पाहा. पऱ्हे वाफ्यात जास्त दिवस राहिले, तर पुढे रोवणी कितीही चांगली केली, खत कितीही टाकले, तरी फुटवे कमीच येतात. सागाचेही तसेच आहे. पर्णसंभार एकदा वर सरकून लहान झाला की जागा मोकळी करून दिली तरी झाड तो पुन्हा चटकन मोठा करू शकत नाही. उलट, एकदम उजेड पडल्यामुळे खोडावर जागोजाग बारीक फुटवे येतात. त्या प्रत्येक फुटव्याची पुढे लाकडात गाठ होते. दाटीत वाढलेले बारीक खोड एकाएकी मोकळ्यावर आले की वादळात वाकते, ते वेगळेच. कललेल्या झाडाच्या वरच्या अंगाला ताण सोसणारे वेगळ्या प्रकारचे लाकूड तयार होते आणि चिरल्यावर त्याची फळी पीळ खाते.

याचा अर्थ घाईघाईने सगळे मोकळे करावे असाही नाही. सुरुवातीलाच फार अंतर ठेवले की साग आडवा पसरतो, जाड फांद्या धरतो आणि खोड बुडाशी जाड व वर निमुळते होते. थोडे थोडे, पण वेळच्या वेळी, हेच सूत्र आहे.

फांदी आणि गाठ

लाकडातली गाठ म्हणजे खोडाने पोटात घेतलेली फांदी. फांदी जिवंत असताना खोडाने वेढली तर गाठ लाकडाशी एकजीव राहते. फांदी वाळली, तशीच लटकत राहिली आणि खोड तिच्याभोवती वाढत गेले, तर ती गाठ सुटी होते. फळी रंधताना ती निघून पडते आणि भोक राहते. वाढई अशी फळी बाजूला टाकतो, म्हणजे किंमतही बाजूला पडते.

म्हणून खालच्या फांद्या लहान असतानाच काढाव्यात. अंगठ्याएवढी जाडी हे चांगले माप. त्या वेळी घाव लवकर भरतो आणि गाठ खोडाच्या अगदी आत, मधल्या काही सेंटिमीटरांतच राहते. तिच्यावर चढणारे पुढच्या वीस-तीस वर्षांचे लाकूड निर्मळ येते. ही छाटणी पानगळ झाल्यावर, कोरड्या दिवसांत करावी. कुऱ्हाडीने फांदी तोडली की साल खोडापर्यंत सोलत जाते, म्हणून आरीच वापरावी. फांदीच्या बुडाशी खोडाला लागून जी फुगीर कडी असते तिला धक्का लावू नये आणि बोटभर खुंटीही ठेवू नये.

आपल्याकडे नेमका उलटा प्रकार होतो. धुऱ्यावरच्या सागाची सावली धानावर पडते. म्हणून रोवणीच्या आधी कोणीतरी झाडावर चढतो आणि शेंड्याचा झुपका सोडून सगळ्या फांद्या कुऱ्हाडीने उतरवतो. धानाला उजेड मिळतो खरा, पण झाडाचे अन्न तयार करणारी पानेच गेली. त्या वर्षी खोडाची जाडी जवळजवळ वाढत नाही आणि घावांवर फुटवे येतात. सावलीची अडचण खोटी नाही. तिला उपाय असा की एका वेळी पर्णसंभाराच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये आणि तेही खालूनच काढावे. सावली फारच होत असेल तर एकाआड एक झाड काढून टाकावे. सगळी झाडे अर्धी बोडकी करण्यापेक्षा निम्मी झाडे पुरती ठेवणे धानाच्याही हिताचे आणि सागाच्याही.

माती, पाणी आणि आग

सागाला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते. तुंबलेले पाणी त्याला अजिबात खपत नाही. आपल्या भागात मातीची जुनी नावे आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी. कन्हारीची सखल बांधी धानासाठी सोन्यासारखी, पण पाणी धरून ठेवते म्हणून सागाच्या मुळांना तिथे श्वास मिळत नाही. धुरा उंच असतो म्हणून साग तिथे तग धरतो. धुरा जितका रुंद आणि उंच, तितका साग बरा. बर्डीवर साग जगतो, पण माती उथळ असल्यामुळे वाढ हळू होते.

पाण्याचा परिणाम नुसत्या वाढीवर होत नाही, लाकडाच्या टिकाऊपणावरही होऊ शकतो. केरळ वन संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात घरपरसातला साग आणि रोपवनातला साग यांची तुलना केली. ओल्या जागी वाढलेल्या परसातल्या सागाचा गाभा रंगाने फिकट निघाला आणि लाकूड कुजवणाऱ्या एका प्रकारच्या बुरशीला त्याने कमी दाद दिली असे नव्हे, तर जास्त बळी पडला. म्हणजे भरपूर पाणी देऊन साग भराभर वाढवला तर जाडी मिळेल, पण गाभा तितकाच कसदार होईल असे धरून चालता येत नाही. धुऱ्यावरच्या सागाला लागवडीनंतरची पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे, नंतर त्याला पावसावर सोडावे.

आगीचे नुकसान याहून उघड आहे, तरी ते दिसते फार उशिरा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, पुढे तेंदूपानांच्या हंगामाआधीही वणवे लागतात. कधी धुऱ्यावरचे वाळलेले गवत जाळताना आग सागापर्यंत येते. रोप लहान असेल तर वरचा भाग जळतो आणि बुडातून चार-पाच फुटवे निघतात. त्यांतला एक सरळ, जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढले तर झाड सावरते. सगळेच राहू दिले तर एकाही फुटव्याचे झाड होत नाही. मोठ्या झाडाचे मात्र वरून काही बिघडलेले दिसत नाही. बुडाशी एका अंगाची साल आतून मरते, ती पुढे सुटते, तिथून बुरशी आणि उधळी आत शिरते आणि वीस वर्षांनी तोडल्यावर बुंधा पोकळ निघतो. बुंध्याचा पहिला ओंडका हा झाडाचा सर्वांत जाड आणि सर्वांत महाग भाग. आग नेमकी तीच किंमत खाते. डिसेंबर-जानेवारीत झाडांच्या बुडाशी हातभर जागा खरवडून साफ करणे आणि तुकड्याभोवती जाळरेषा काढणे, याला दोन दिवसांची मजुरी पुरते.

किडीचेही थोडक्यात सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पाने फस्त करणारी एक अळी असते. नीलांबूरच्या कोवळ्या रोपवनांत केलेल्या पाहणीत, या अळीमुळे होऊ शकणाऱ्या वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडते असे दिसून आले. पावसाळा सरता सरता पानांची जाळी करणारी अळी दुसरी. ती आपल्याकडे नेहमी दिसते, पण तोवर वर्षाची बरीचशी वाढ झालेली असते, त्यामुळे तिची फार धास्ती बाळगू नये. ऐन पावसात पाने गेली आणि पुन्हा फुटली, तर लाकडात एका वर्षात दोन वलये उमटू शकतात. वलये मोजून वय सांगणारा माणूस तिथे फसतो.

लवकर वाढलेला साग कच्चा असतो का?

हा समज फार घट्ट आहे. ‘रानातला साग तो साग, लावलेला साग म्हणजे भेंडी.’ यात तथ्य किती? देवदार-चीड यांसारख्या झाडांत भराभर वाढलेले लाकूड बहुधा हलके येते. सागाची रचना वेगळी आहे. त्याच्या प्रत्येक वार्षिक वलयात सुरुवातीला मोठ्या छिद्रांचा पट्टा येतो आणि नंतर घट्ट लाकडाचा. वाढ चांगली झाली तर वाढतो तो मुख्यतः घट्ट पट्टा. केरळ वन संशोधन संस्थेच्या अभ्यासांतूनही हेच पुढे आले की नुसत्या जलद वाढीमुळे सागाची घनता आणि मजबुती घटते असे म्हणता येत नाही.

मग वाढई तक्रार करतात ती खोटी का? नाही. ते पाहतात ते कोवळे लाकूड. कोणत्याही झाडाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत मध्याजवळ जे लाकूड बनते त्याचे तंतू आखूड असतात आणि त्यांची ठेवण तिरपी असते, म्हणून वाळताना ते वाकते, पिळते. पंधरा वर्षांचे झाड तोडले तर ते जवळजवळ सगळे असलेच लाकूड, आणि त्यात पांढरा भाग निम्म्याहून जास्त. दोष जलद वाढीचा नसून लवकर तोडण्याचा आहे. वेळेवर विरळणी करून जलद वाढवलेले झाड तिशी-चाळिशीपर्यंत थांबवले, तर कोवळे लाकूड मध्यात थोडे राहते आणि त्याच्याभोवती पक्क्या लाकडाचा जाड थर चढतो.

आलापल्लीच्या जंगलातल्या जुन्या सागाचा दिमाख वेगळाच, हे कबूल. तिथला राखीव तुकडा २०१४ साली राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला, तोही या वनपट्ट्याच्या लौकिकामुळे. पण असा जुना नैसर्गिक साग आता थोडा उरला आहे आणि तो तोडत राहणे परवडणारे नाही. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. तेव्हापासून आफ्रिका आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या रोपवनांचा साग कंटेनरमधून आपल्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येतो. त्यात बारीक गोलाईचा माल पुष्कळ असतो. आपल्या शेतकऱ्याची बारीक बल्ली या मालाशी स्पर्धा करते आणि हरते. जाड, सरळ, बिनगाठीच्या, भरपूर गाभ्याच्या ओंडक्याला मात्र गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

‘वीस वर्षांत लखपती’

१९९० च्या दशकात वर्तमानपत्रांत सागाच्या जाहिराती पानेच्या पाने भरून येत. एक झाड घ्या, वीस वर्षांनी लाख रुपये घ्या, अशी भाषा असे. नोकरदारांनी, निवृत्तांनी पैसे गुंतवले. त्यांपैकी पुष्कळ कंपन्या बुडाल्या. पुढे सेबीने १९९९ साली अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. त्या जाहिरातींतली फसवणूक पैशाची होती, तशीच ज्ञानाचीही होती. आलापल्लीच्या शंभर वर्षांच्या झाडाचा भाव घ्यायचा, वीस वर्षांच्या झाडाला लावायचा, लावलेली सगळीच्या सगळी झाडे शेवटपर्यंत उभी राहतील असे धरायचे आणि गुणाकार करायचा. विरळणी, गाभा आणि कोवळे लाकूड या तीन गोष्टी ज्याला माहीत आहेत तो या गुणाकाराला फसत नाही. असा गुणाकार करून रोपे विकणारे आजही भेटतात, म्हणून ही आठवण करून दिली.

आपल्या धुऱ्यासाठी

शेवटी, लाखांदूरसारख्या भागातल्या शेतकऱ्यासाठी थोडक्यात काही गोष्टी.

धुऱ्यावर साग लावायचा तर दोन-दोन मीटरवर लावावा आणि शेंडे एकमेकांना लागू लागले की एकाआड एक झाड काढावे. धुऱ्यावरच्या झाडाला दोन्ही अंगांनी उजेड मिळतो, त्यामुळे फांद्या जाड होतात. तिथे विरळणीइतकेच छाटणीकडे लक्ष द्यावे. एकरभर तुकडा असेल तर उलट, तिथे फांद्या कमी आणि दाटी जास्त, म्हणून विरळणी चुकवू नये. नुसत्या सागाखाली जमीन उघडी पडते आणि मोठ्या पानांवरून गळणारे टपोरे थेंब माती धुऊन नेतात. तेव्हा पालापाचोळा जाळू नये, आणि मधूनमधून बिजा, शिवण, आवळा अशी इतर झाडेही राहू द्यावीत.

विरळणीचे झाड निवडताना शक्यतो ज्याने झाड लावले त्याने एकट्याने निवडू नये. गावातल्या वाढयाला सोबत न्यावे. कोणत्या झाडातून सरळ फळी निघेल हे त्याची नजर आधीच सांगते. ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारावा, मग उरलेल्यांवर आरी चालवताना हात अडखळत नाही.

सातबाऱ्यावर झाडांची नोंद वेळेवर करून घ्यावी. साग हा १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतला आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवानगी लागते आणि माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. ही नोंद नसली की ऐन गरजेच्या वेळी अडचण होते आणि मग उभे झाड मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावे लागते. विकताना झाडाच्या नगावर सौदा करू नये. गोलाई आणि लांबी स्वतः मोजावी, मघाचे सूत्र वापरून घनमीटर काढावे आणि मग बोलावे. तोडल्यावर ओंडके उन्हात टाकू नयेत. टोकांना डांबर लावून सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवावेत, म्हणजे चिरा कमी जातात.

आणि गरज नसताना तोडू नये. वीस वर्षांच्या झाडाची गोलाई अजून वाढती असेल तर पुढच्या दहा वर्षांत भरणारा प्रत्येक सेंटिमीटर आधीच्या सेंटिमीटरपेक्षा जास्त मोलाचा असतो, कारण तो जाड खोडावर चढतो आणि आत तेवढाच गाभा वाढवतो. लग्नासाठी पाच झाडांपैकी दोन काढून भागत असेल तर दोनच काढावीत. उरलेल्या तिघांना त्यामुळे जागा मिळेल, आणि ती विरळणीही ठरेल.